वाटेवरच्या माणसाची चूल

फोन मला आला. वाडीत रेंज नाही म्हणून माझ्या भावानं कंपनीत माझा नंबर देऊन ठेवला होता. बहीण भोरला शिक्षिका आहे, काही लागलं तर तिला कळवा. मी तिसरीच्या वर्गावर होते, मुलं पाढे म्हणत होती. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता आणि फार जपून बोलत होता. माझ्याशी इतकं जपून कुणी बोलत नाही. घरात मला तोफ म्हणतात. त्यामुळे त्याचं पहिलं वाक्य संपायच्या आतच मी हातातला खडू खाली ठेवला. आखातात पोकलेन चालवणारा माझा धाकटा भाऊ रात्री जेवून झोपला, तो सकाळी उठलाच नव्हता. झोपेतच हृदय बंद पडलं, असं तिकडच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं.

मुलं पाढा सोडून माझ्याकडे बघत होती. मी त्यांना "पुढं म्हणा" म्हटलं आणि व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकले. ती बिचारी म्हणत राहिली.

मिस्टरांच्या मोटरसायकलवर मागे बसून मी माहेरी निघाले. माहेर वेल्ह्याच्या डोंगरात, भावकीच्या वीसेक घरांची वाडी. नसरापूरहून आत वळलं की रस्ता चांगला आहे, फक्त शेवटचा चढ अजून खडी-मातीचा. वाटभर मी एकच विचार करत होते, की आईला सांगायचं कसं. आई सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी ओट्यावर बसवून ठेवलेली. घरात तिच्याजवळ फक्त माझी भावजय. मूलबाळ त्यांना झालं नाही. भाऊ परदेशी गेल्यापासून दोन बायका, एक गाय आणि दोन शेळ्या एवढाच त्या घरातला संसार.

खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. भावजय हातातली पेंढी आपटता आपटता थांबली आणि म्हणाली, "वन्सं, आज शाळा न्हाई?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या नवऱ्याकडं. ते चपला न काढता खळ्याच्या कडेला मान खाली घालून उभे होते. "कवा?" एवढंच तिनं विचारलं. मी सांगितलं. ती तिथंच पेंढ्यावर बसली आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडली. मी तिला धरून बसले. बऱ्याच वेळानं ती उठली, मडक्यातलं पाणी घेऊन तोंड धुतलं आणि म्हणाली, "आत्याबाईंना म्या सांगते. तुमी सांगितलं तर त्या तुमच्यावर वरडतील अन् तुमी त्यांच्यावर."

हे अगदी खरं होतं. आमच्या घरात हट्टाचा मक्ता आईकडे आणि माझ्याकडे. भावजय म्हणजे दुकानात गेली तर पहिली दाखवलेली साडी घेऊन येणारी बाई. "अगं, दुसरी तरी बघायचीस," असं मी म्हणायची, तर ती म्हणायची, "हीबी साडीच हाय की." मी तिला त्यावरून पुष्कळ चिडवलं आहे. ती कधी कशासाठी अडून बसेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तिनं आईला कसं सांगितलं ते मला माहीत नाही, मी दाराबाहेर होते. आईचा आवाज वाडीभर गेला. सगळी घरं गोळा झाली. आई ओट्यावर येऊन बसली ती दुपारपर्यंत एकच वाक्य म्हणत राहिली. "त्याला हितं आणा. माझ्या हातानं त्याच्या तोंडात पाणी घालीन, मग न्या कुठं न्यायचं तिकडं."

आमच्या वाडीत रीत अशी, की कुणी गेलं तर त्याला उचलून नेईपर्यंत भावकीतली एकही चूल पेटत नाही. एरवी ही काही तासांची गोष्ट असते. सकाळी माणूस गेलं तर दुपारी नेतात, संध्याकाळी शेजारच्या गावचे सोयरे पिठलं-भाकरी घेऊन येतात. बातमी कळली तशा त्या दिवशी सगळ्या बायकांनी आपापल्या चुलीतली लाकडं ओढली, पाणी शिंपडलं आणि आमच्या दारात येऊन बसल्या. कुणाला सांगावं लागलं नाही. वरच्या धनगरवाड्यातून दूध आणि भाकरी आल्या. ती माणसं भावकीतली नव्हेत, पण आमच्या शेतात त्यांच्या मेंढ्या बसतात आणि भाऊ लहानपणी त्यांच्या पोरांबरोबर रानात हिंडलेला. टोपली ठेवून ती माणसं आमच्यातच बसून राहिली.

संध्याकाळी मी आणि भावजय देवळाच्या पारावर गेलो. चढ चढून पारावर गेलं तरच फोन लागतो. दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, भावजय याच पारावर येऊन नवऱ्याशी बोलायची आणि खाली जाऊन आईला सगळं सांगायची. आईचे गुडघे तो चढ चढू देत नव्हते. आता त्याच पारावर बसून आम्ही सकाळच्या त्या जपून बोलणाऱ्या माणसाला फोन लावला. तो कंपनीचा माणूस नव्हताच. आपल्याकडच्याच दुसऱ्या राज्यातला, तिथं छोटं दुकान चालवणारा. परदेशात मेलेल्या परक्या माणसांना घरी पाठवण्याचं काम तो आपणहून करत होता. का करतो, असं मी पुढे एकदा त्याला विचारलं, तर म्हणाला, कुणीतरी करायला हवं ना दीदी. माझा अशा उत्तरांवर एरवी विश्वास बसत नाही. त्याच्यावर बसला.

त्यानं दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे घरच्यांनी लिहून दिलं तर तिथंच अग्नी द्यायचा आणि अस्थी पाठवायच्या. हे लवकर होईल. दुसरी म्हणजे देह घरी पाठवायचा. त्याला तिकडचे पोलीस, इस्पितळ, आपली वकिलात, विमानाच्या माल खात्याचा परवाना, सगळीकडून शिक्के लागतील. आठवडा नक्की, जास्तही लागेल.

खाली येऊन मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. थोरले चुलते भावकीतले वडीलधारे. ते म्हणाले, "तिकडंच उरकावं. इतकं दीस देह ठिवायचा म्हंजी त्याच्या जिवालाबी शांती न्हाई." दोन-चार माना हलल्या. खरं सांगायचं तर माझीही हलली. आखातातून वेल्ह्याच्या डोंगरापर्यंत एक पेटी आणायची या विचारानंच मला धाप लागली होती.

दाराच्या चौकटीला टेकून बसलेली भावजय म्हणाली, "न्हाई. त्यांना हितं आणायचं."

चुलत्यांनी समजावलं, मिस्टरांनी समजावलं. ती ऐकून घेत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, आणि प्रत्येकाचं झालं की तेच म्हणत होती. "आत्याबाईंनी पाणी घालायचंय. त्यांना हितं आणायचं." आवाज चढला नाही की तोंड लपवलं नाही. शेवटी चुलते माझ्याकडे वळून म्हणाले, "कागदं तूच करणार, तूच बोल." मी म्हटलं, "करीन." ते मी धैर्यानं नव्हे, तिच्या तोंडाकडे बघून म्हटलं.

मी रात्रीच भोरला परतले, दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीनं आली आणि आमची वारी सुरू झाली. देह पाठवायला बायकोची संमती लागते. पण भावाचा पासपोर्ट लग्नाआधीचा, त्यात बायकोचं नावच नाही. मग लग्नाचा दाखला आणा. आमच्याकडे लग्नं लागतात, नोंदवली जात नाहीत. सरकारी कचेरीच्या त्या खिडकीवर माझी तोफ सुटली. "अख्खी वाडी लग्नाला होती, सगळ्यांना घेऊन येऊ का?" असं मी त्या माणसाला इतक्या मोठ्यानं विचारलं की मागच्या रांगेतले लोक आमच्याकडे बघायला लागले. तो माणूसही पेटला. भावजयीनं माझ्या दंडाला हात लावला, पुढे झाली आणि त्याला म्हणाली, "साहेब, आमाला यातलं कळत न्हाई. माझं मालक परमुलखात पडल्यात. त्यांना घरी आणायला काय काय लागंल तेवढं तुमी सांगा, आमी करतो."

तो माणूस खुर्चीवरून उठून बाहेर आला. ग्रामपंचायतीचं पत्र कसं हवं, पोलीस पाटलाचा जबाब कसा, प्रतिज्ञापत्र कुठल्या शब्दांत, सगळं त्यानं उभ्या उभ्या समजावलं. मी शिक्षिका असून वहीत उतरवून घेत होते आणि ती नुसती ऐकत होती. संध्याकाळपर्यंत निम्मं काम झालं. परतताना गाडीत मी तिला म्हटलं, "मी भांडले ते चुकलंच." ती म्हणाली, "तुमी भांडला म्हणून त्यानं आपल्याकडं बघितलं तरी." अशा बाईला काय म्हणावं!

इकडे वाडीत मात्र वेगळंच होऊन बसलं होतं. आईनं अन्नाला शिवायचं नाकारलं होतं. "माझं पोर दारात येईपत्तूर चूल पेटायची न्हाई," असं तिनं जाहीर केलं आणि तिच्या शब्दाखातर वाडीतली एकही चूल पेटेना. पहिले दोन दिवस सोयऱ्यांनी भागवलं. पण ते सुगीचे दिवस, त्यांनाही आपली कामं होती. भात खळ्यावर पडलेलं, वर आभाळ कधी भरून येईल त्याचा नेम नाही, आणि झोडणीला उभी राहणारी माणसं वेल्ह्याच्या दुकानातल्या पावावर. भूक एक वेळ सोसवते, पण चहा नाही म्हटल्यावर आमच्या वाडीतल्या पुरुषांची तोंडं बघवत नव्हती.

मग चर्चा सुरू झाली की गॅसची शेगडी म्हणजे चूल का. हसू येतं आता, पण तेव्हा देवळापुढे माणसं जीव तोडून वाद घालत होती. एक म्हणाला, "शेगडीला धूर न्हाई, राख न्हाई. मग ती चूल कशी?" दुसरा म्हणाला, "मग तिच्यावर भाकरी फुगती ती कशानं?" थोरल्या चुलत्यांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवून निवाडा दिला, की शेगडी चूल नव्हे, परंतु जाळ तो जाळच. म्हणजे कुणाला काहीच कळलं नाही. बायका मात्र शहाण्या. त्यांनी दारं लोटून शेगडीवर गुपचूप मुलांपुरतं शिजवायला सुरुवात केली. धूर नाही, वास जमेल तितका कोंडलेला, आणि बाहेर येऊन दुसरीला विचारायचं, "तुझ्याकडं काय सोय झाली गं?" सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक होतं.

आणि एका दुपारी कुकरची शिट्टी झाली.

आमच्या वाडीत दुपारी पाखरू फडफडलं तरी ऐकू येतं. ती शिट्टी आमच्या ओट्यावर बसलेल्या प्रत्येकानं ऐकली. कुणी कुणाकडे बघेना. क्षणभरानं पलीकडच्या घरातली ओली बाळंतीण धावत आली, अंगावर पितं लेकरू तसंच काखेत, आणि आईच्या पायाशी बसून हमसून हमसून रडायला लागली. अंगावर दूध येईना म्हणून मऊ भात लावला होता तिनं, आणि शिट्टी काढून ठेवायला विसरली होती. आईनं तिच्याकडून तोंड वळवलं नाही, पण तिला जवळही घेतलं नाही. ती आत आत कुठंतरी गेली होती, ओठ कोरडे पडले होते, हाताची कातडी ओढली तर तशीच राहत होती. मला पहिल्यांदा वाटलं, की भाऊ पोचायच्या आत आम्हाला दुसरी तिरडी बांधावी लागेल.

भावजयीनं त्या पोरीला उठवलं, लेकराचं नाक पुसलं आणि घरी पोचवून आली. मला तिचं काही वेगळं जाणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाकूड मोडल्याच्या आवाजानं उठले. आत गेले तर ती चुलीपुढे बसलेली. राख भरून काढली होती, चुलीला पोतेरं फिरवलं होतं आणि काटक्या रचत होती. शेगडी तिच्याही घरात होती, कोपऱ्यात. तिकडं तिनं बघितलंही नाही. काडी ओढली, फुंकणीनं जाळ धरला आणि काठवटीत पीठ घेतलं. धूर कौलांतून बाहेर पडला. ज्या घरची चूल पेटेपर्यंत कुणी पेटवणार नव्हतं, त्या घराचा धूर सगळ्या वाडीला दिसला. मी म्हटलं, "अगं, काय करतेस?" ती म्हणाली, "भाकरी."

ओट्यावरून आई ओरडली. त्या आवाजात इतकी ताकद उरली असेल असं वाटलं नव्हतं. "माझं पोर तिकडं पडलंय अन् तू भाकरी थापतीस? काळीज हाय का दगड?" आणखीही बोलली. ते मी लिहीत नाही. आई माझीच आहे. दारात माणसं जमायला लागली. चुलते काठी टेकत आले.

भावजयीनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, पिठाचे हात तसेच घेऊन ओट्यावर आली आणि आईसमोर उकिडवी बसली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "घरात मढं असलं तर चूल पेटवत न्हाईत, ते मला ठावं हाय. पर ते घरात कुठं हाईत? ते वाटंला हाईत. वन्सं कागदं करत्यात, त्यो भला माणूस तिकडं हेलपाटं घालतोय. माणूस वाटंला असला तर त्याच्या घरची चूल कुणी इझवतं का?"

चुलत्यांनी काठी भिंतीला टेकवली.

"ते दारात आलं की म्या माझ्या हातानं इझवीन. त्या दिशी मला सांगावं लागायचं न्हाई."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग बारीक आवाजात म्हणाली, "कवा यील?"

"ईल तवा ईल. पर तुमाला पाणी घालायचंय ना? त्यासाठी हात उचलाया पायजे तुमचा. उचला बगू."

आईनं हात उचलला. तो अर्ध्यावरूनच मांडीवर पडला. भावजय उठली, आत गेली आणि भाकरी दुधात कुस्करून घेऊन आली. आईनं पहिला घास घेतला तेव्हा मी घराच्या मागे जाऊन गोठ्यात मनसोक्त रडले. भाऊ गेल्यापासून मी इतकी रडले नव्हते. मला भावाचं दुःख होतंच, पण त्या वेळी मी रडले ते या बाईच्या मोठेपणानं. पुस्तकं मी वाचलेली, वाडीत भाषण करायला मला बोलावतात, आणि इतका सरळ विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. चुलते बाहेर सगळ्यांना सांगत होते, "म्या तेच म्हणत हुतो." त्या सकाळी वाडीतल्या सगळ्या चुली पेटल्या आणि सगळ्यांनी आधी चहा केला.

त्यानंतर घरात एक विलक्षण शिस्त आली. भावजय रोज दोन्ही वेळा स्वयंपाक करायची, आईला खायला घालायची, झोडणीला जायची आणि संध्याकाळी पारावर जाऊन त्या माणसाला फोन लावायची. एकदा एका म्हातारीनं तिच्या बांगड्यांचा विषय काढला, तेव्हा आईच म्हणाली, "त्यो आल्याबिगर कशाला हात लावायचा न्हाई." तो विषय तिथंच संपला. मी भोरहून शाळा सांभाळून कागद पाठवत होते. कधी शिक्का पुसट, कधी नावात फरक, कधी तिकडची सुट्टी. माझा रोज स्फोट व्हायचा. तिचा एकदाही झाला नाही.

एका संध्याकाळी मी वाडीत आले होते, तेव्हा पारावर त्या माणसानं सांगितलं, की सगळे परवाने मिळाले, उद्या विमान आहे, घरून काही निरोप असेल तर सांगा. मी फोन भावजयीकडे दिला. हिंदी तिला धड येत नाही. तिनं दोन्ही हातांनी मोबाईल धरला आणि मोठ्यानं म्हणाली, "भाऊ, उनको अकेला मत सोडो. इमान में बसने तक उनके पास रहो." मग तो म्हणाला, हां बहन, रहूंगा. आणि तो राहिला. माल चढवण्याच्या फाटकापर्यंत आत जाता येतं, तिथपर्यंत तो पेटीबरोबर गेला आणि विमान सुटल्यावर त्यानं आम्हाला फोन केला. त्या माणसाला मी अजून बघितलेलं नाही. आमच्या घरी दिवाळीचा फराळ झाला की त्याची आठवण निघते.

मिस्टर आणि एक चुलत भाऊ मुंबईला गेले होते. दुपार कलायच्या आत रुग्णवाहिका वाडीखाली आली. शेवटचा चढ तिला चढेना. लाकडाची पेटी, आत जस्ताचा पत्रा, वजन विचारू नका. वाडीतली आणि धनगरवाड्यातली माणसं आळीपाळीनं खांदा देत वर आली. भावजय दारात उभी होती. पेटी अंगणात टेकली तशी ती आत गेली, चुलीतली लाकडं ओढली, तांब्याभर पाणी ओतलं आणि बाहेर येऊन आईच्या मागे उभी राहिली.

विमानतळावर सांगितलं होतं, शक्यतो पेटी उघडू नका. कुणी तो विषयच काढला नाही. वाडीतला पत्रे बसवणारा कात्री घेऊन आला होता. त्यानं स्क्रू काढले, जस्ताचा पत्रा कापला आणि बाजूला झाला. आईला दोघींनी धरून ओट्यावरून पेटीजवळ नेलं. तिच्या एका हातात तुळशीचं पान होतं.

आईनं वाकून बघितलं आणि तशीच थांबली.

"ह्यो कोण?" ती म्हणाली.

पेटीतल्या माणसाला मिशी नव्हती. डोक्यावर केस नव्हते. गाल भरलेले, कातडी काळवंडलेली. आईनं त्याला शेवटचं बघून बरीच वर्षं झाली होती. तेव्हा तो सडसडीत होता, दाट केसांचा, आणि मिशीला पीळ देत एसटीत चढला होता. "माझ्या पोराला मिशी हाय," आई म्हणाली. "ह्यो माझा न्हवं. कुणाचं लेकरू आणलंत ह्ये?"

चुलत भाऊ घाईनं कागद दाखवायला लागला. चुलते "अगं, अगं" करत पुढे झाले. माझ्याही मनात आलं, पेट्या बदलल्या असतील, कारण असं झाल्याचं ऐकलेलं असतं. मग मला त्याचे कान दिसले, आमच्या वडिलांसारखे बाहेर वळलेले. मी म्हटलं, "आई, तोच आहे गं."

"तू गप," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता तिनं मान मागे वळवली आणि सुनेला म्हणाली, "तू सांग."

पोटची लेक मी शेजारी उभी, भावकी उभी, वकिलातीच्या शिक्क्याचे कागद उभे, आणि आईनं विचारलं तिला. मला राग आला नाही. कुणाला विचारावं हे आईला बरोबर कळलं होतं.

भावजय पेटीशी बसली. तिनं घाई केली नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, कपाळावरून हात फिरवला, डोक्यावर तळवा ठेवला. मग म्हणाली, "हेच हाईत, आत्याबाई. केस तिकडच्या पाण्यानं गेलं. मग मिशीबी काढली. मोबाईलात दिसायचं मला. आईला सांगू नगं, तिला वाईट वाटंल, असं म्हणायचं. म्हणून म्या बोलले न्हाई."

"नीट बगितलंस?"

"बगितलं."

आईनं तुळशीचं पान डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात पुढे केला.

"मग पाणी दे," ती म्हणाली.

भावजयीनं तिच्या तळहातात पाणी घातलं. आईनं मुलाच्या ओठांवर हात नेला आणि एक थेंबही बाहेर न सांडता त्याला पाणी पाजलं.